झिंग्याचं शेवटचं वाक्य

“राक्षस दाराशी आलाय, बाबा. आता हसवायचं नाही,” भैरवी माइक पुढे सरकवत म्हणाली.

नरहरपंतांनी मफलर सैल केला. भैरवीच्या व्हिडिओ गेममधल्या झिंग्या नावाच्या वात्रट बुटक्याला त्यांचा आवाज होता. दोन वर्षं यवतमाळच्या घरातल्या याच खोलीत बसून त्यांनी तो दिला होता. आता फक्त झिंग्याच्या मरणाचा प्रसंग उरला होता. आणि आज संध्याकाळी नागपूरला निघायचं होतं. उद्या ऑपरेशन. डॉक्टर स्वरयंत्रच काढणार होते.

भैरवीची आई रत्नप्रभाबाई दाराशेजारच्या देवघरापाशी उभ्या होत्या. ऑपरेशन ठरलं त्या दिवशी त्यांनी मौन धरलं. हे सुखरूप घरी येईपर्यंत तोंडातून आवाज काढणार नाही, असं पाटीवर लिहून देवापुढे ठेवलं होतं. आज अकरावा दिवस. नुकताच त्यांनी नैवेद्य दाखवला होता.

नरहरपंतांनी कागद वाचला. “जा राजकन्ये. दार मी धरून ठेवतो. माझी वाट बघू नकोस.”

शेवटच्या शब्दावर आवाज फाटला. तो झिंग्याचा नव्हता. भैरवीला रेकॉर्डिंग थांबवायचं सुचेना. रत्नप्रभाबाईंनी दाराची चौकट धरली.

“पुन्हा घे,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले आणि कागद पालथा घातला.

भैरवीनं हळूच समजावलं, की इथे विनोद आला तर खेळणाऱ्याला भीती वाटणार नाही. ते म्हणाले, जन्मभर थट्टा करणारा माणूस जाताना गप्प झाला, तर पोरं खेळ टाकून पळतील. मग त्यांनी माइक जवळ ओढला.

“जा पोरी, पळ तू. राक्षस आला तर मी पाहून घेतो. त्याले म्हणतो, साहेब जेवायले गेले. उद्या या.”

तीस वर्षं कचेरीच्या खिडकीत त्यांनी हेच वाक्य म्हटलं होतं.

रत्नप्रभाबाईंना हसू फुटलं. चांगलं मोठ्यानं.

दुसऱ्याच क्षणी त्यांनी दोन्ही हात तोंडावर दाबले. त्यांनी पाटीकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या गळ्याकडे. भैरवीकडे बघून त्या बोटानं हवेत पुसल्यासारखं करू लागल्या. काढून टाक, काढून टाक. भैरवीचा हात माऊसवर गेला आणि तिथेच थांबला.

नरहरपंत उठायला गेले, पण खोकल्यानं खाली बसले. पुन्हा तोंड उघडलं तेव्हा नुसती कुजबुज उरली होती.

“रत्ना, घाबरतेस कायले? नैवेद्य तूच दाखवला ना आता?” त्यांनी देवघराकडे बोट केलं. “साहेब जेवून राह्यले.”

रत्नप्रभाबाईंनी तोंडावरचा एक हात काढला आणि देवघराचा पडदा हळूच ओढून घेतला.