तोफेचा सत्कार

"...आणि बेसबॉलमध्ये आपल्या शाळेचा झेंडा फडकवणारी ही आपली लाडकी तोफ!" संस्थेचे अध्यक्ष माइकवर गरजले.

"सॉफ्टबॉल," खेळाच्या बाई दातओठ खात म्हणाल्या. ऐकायला कुणी नव्हतं. त्यांची खुर्ची मंडपाच्या शेवटच्या रांगेत, खांबाआड होती.

व्यासपीठामागच्या फलकावर तर क्रिकेटची बॅट छापली होती. याच अध्यक्षांनी मैदानाचा अर्धा भाग गाड्या लावायला दिला होता. सरावासाठी जाळी मागितली तेव्हा "पोरींना कशाला हवी?" असं विचारलं होतं. आणि आज छाती अशी फुगवली होती, की अंतिम सामन्यात चेंडू जणू त्यांनीच टाकले. शेजारी मुख्याध्यापक प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते. वाक्य संपायच्या आतच.

सत्कारमूर्तीबद्दलही बाईंचं मत फारसं बरं नव्हतं. पिचर म्हणून, म्हणजे चेंडू टाकण्यात, लाखात एक. तिचा हात खालून गर्रकन फिरायचा आणि समोरच्या पोरीची बॅट हलायच्या आत चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये फाडकन वाजायचा. म्हणून तर तोफ नाव पडलं. पण स्वभावाने नखरेल. अंतिम सामन्यात ऐन रंगात बाईंजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, आता दुसरीला टाकू द्या ना." बाईंनी तिला तिथेच झाडलं होतं, "पाय लटपटायला लागले का? भित्री कुठली! जा, टाक." ती गेली, शेवटपर्यंत टाकत राहिली आणि सामना जिंकला. म्हणजे बाईंचंच खरं ठरलं. पण त्यानंतर तोफ सरावाला फिरकली नव्हती. कधी पोट दुखतंय, कधी अभ्यास आहे. डोक्यात हवा गेली, दुसरं काय? आतासुद्धा अध्यक्षांनी पुढे केलेली ढाल तिने डाव्या हाताने घेतली, दारात आलेली दुधाची पिशवी घ्यावी तशी.

"आम्हालाही जरा खेळू द्या की!" टाळ्या थांबल्यावर अध्यक्षांना लहर आली. "बघू तरी, तुमची तोफ किती धडाडते!"

हशा पिकला. सगळी वरात मैदानात उतरली. अध्यक्षांनी कोट काढला, बॅट धरली ती काठीने साप मारायला निघाल्यासारखी. फोटोवाला पुढे धावला. मुख्याध्यापक लगबगीने बाईंच्या कानाशी आले.

"तिला जरा हळू टाकायला सांगा बरं का. साहेबांचा चष्मा महागाचा आहे."

"सांगते ना," बाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना शाळेचा एखादा समारंभ आवडायला लागला होता.

त्या तोफेजवळ गेल्या. चेंडू तिच्या हातात कोंबला. "हे बघ, तुला हळू टाकायला सांगितलंय. अजिबात ऐकायचं नाही. त्या माणसाला चेंडू दिसतासुद्धा कामा नये. समजलं?"

"बाई, मी..."

"बाई-बाई काय करतेस? टाक!"

तोफेने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग मान हलवून ती जागेवर जाऊन उभी राहिली. बाई हाताची घडी घालून थांबल्या. अध्यक्षांची फजिती त्यांना आताच दिसायला लागली होती.

तोफेचा हात फिरला. चेंडू निघाला तो रमतगमत. तान्ह्या बाळाकडे फेकावा तसा. अध्यक्षांना बॅट उचलायला, नेम धरायला, फोटोवाल्याकडे बघून हसायलाही वेळ मिळाला. ठण्ण! चेंडू पार कुंपणाजवळ गेला. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. "अरे, आमच्यातही दम आहे अजून!" अध्यक्ष ओरडले.

"शहाणी आहे हो मुलगी," मुख्याध्यापक कृतकृत्य होऊन म्हणाले.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अध्यक्षांकडून त्यांची काही अपेक्षाच नव्हती, मुख्याध्यापकांकडून तर त्याहून नव्हती. पण ही? जिला त्यांनी घडवलं, ती एका ढालीसाठी अशी वाकली? बिनकण्याच्या माणसांत आणखी एकीची भर पडली.

सगळे चहाकडे वळले. तोफ कुठे दिसेना. ती बाईंना सापडली सामानाच्या खोलीत, बॅटांच्या ढिगाजवळ बाकावर बसलेली. दिवा लावलेला नव्हता.

"इथे येऊन लपलीस होय?" बाई दारातूनच कडाडल्या. "जा की बाहेर, साहेबांबरोबर फोटो काढ! इतकी वर्षं तुझ्यासाठी घसा फोडला तो काय हे बघायला? त्या ढेरपोट्याला खूश करायला हळू टाकलास? लाज नाही वाटली?"

तोफ उठली नाही. तिचा उजवा हात मांडीवर पडला होता, दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला घेतल्यासारखा. तिने डाव्या हाताने डोळे पुसले.

"हळू नाही टाकला, बाई," ती म्हणाली. "आता तेवढाच जातो."