तीन सेकंदांचा काळोख

बारावा दिवा विझला आणि रंगमंचावर काळोख झाला. धाकटीने मनात मोजलं. एक, दोन, तीन. मग पहिला दिवा पुन्हा उजळला.

"हे मध्येच काय झालं?" दिग्दर्शकाने खालून ओरडून विचारलं.

"जुना इफेक्ट आहे. दुरुस्त करते," ती म्हणाली. पण तिचे हात दिव्यांच्या कन्सोलवर तसेच राहिले.

नव्या नाटकात नदी होती. प्रकाश पाण्यासारखा डावीकडून उजवीकडे वाहायला हवा होता. असाच इफेक्ट तिने अकरा वर्षांपूर्वी वहिनीच्या नाचासाठी बांधला होता, म्हणून तीच फाइल तिने उघडली. बारा दिवे, बारा स्टेप. प्रत्येक दिवा आधीच्यापेक्षा जरा उशिरा उजळणारा. आणि शेवटी तेरावी स्टेप, रिकामी. सगळे दिवे शून्यावर, तीन सेकंद. तिनेच घातलेली आणि पुसायची राहिलेली.

तेव्हाच्या तालमीत ही रिकामी स्टेप कधी आलीच नव्हती. बारावा दिवा लागला की कन्सोलवर बसलेला तिचा दादा बटण दाबून पुढचा प्रकाश आणायचा. प्रयोगाच्या दिवशी मात्र वादक रंगात आले, त्यांनी एक आवर्तन वाढवलं. दादा बटणावर बोट ठेवून थांबला आणि ऐन नाचात काळोख झाला. वहिनी रंगमंचाच्या काठावरून खाली पडली. घोटा मोडला, तो कायमचा.

"माझंच बोट चुकलं," दादाने त्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाकलं. फाइल उघडून बघायचं कोणाला सुचलं नाही.

त्यानंतर त्याने कन्सोलला हात लावला नाही. आता तो पंखे आणि इस्त्र्या दुरुस्त करायचा. त्याच्या खुर्चीत धाकटी बसली, तिचं नाव झालं. एकदा रागाच्या भरात ती त्याला म्हणालीही होती, "इतका कसा रे निष्काळजी तू?" त्याने मान खाली घातली होती.

दुपारी तालीम आटोपताच ती दादाच्या घरी गेली. तो दुकानात होता. वहिनी पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती.

"अगं, अशी अवेळी? जेवलीस का?"

"वहिनी, दादाची चूक नव्हती." धाकटीने बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. फाइल, रिकामी स्टेप, तीन सेकंद. सांगताना तिला रडू फुटलं. "तुझा पाय माझ्यामुळे गेला. आणि त्याचं काम पण."

वहिनीने हातातला सदरा बाजूला ठेवला. "ह्यांना सांगितलंस?"

"आता दुकानातच जाते. पाय धरते त्याचे."

"नको जाऊस."

"का? अकरा वर्षं तो मनातल्या मनात झुरतोय. अजून झोपेत दचकून उठतो, तूच म्हणतेस ना?"

"हो. उठतात."

"मग? त्याला कळायला नको?"

"तू सांगितलंस तर ते तुला माफ करतील," वहिनी म्हणाली. "आणि मग आयुष्यभर तू झुरशील."

"झुरेन. माझा दोष आहे, मीच भोगायला हवा." धाकटी डोळे पुसून उठली. पर्स खांद्याला लावून दाराशी गेली.

"थांब. दोष तुझाही नाही."

धाकटी वळली. वहिनी तिच्याकडे बघत नव्हती. तिने सदरा पुन्हा उचलला होता आणि नीट घातलेली घडी मोडून परत घालायला घेतली होती.

"मला नाच सोडायचा होता गं. दोन वर्षं ह्यांना सांगायचा धीर होत नव्हता. किती कौतुक होतं त्यांना माझ्या नाचाचं." तिचा आवाज अगदी खाली आला. "काठ कुठे आहे, ते मला डोळे मिटूनही कळायचं. त्या दिवशी काळोख झाला आणि मी मुद्दाम एक पाऊल जास्त टाकलं."