कोरड्या तोंडानं

आईला दिवसाला दोन पेले पाणी, त्यावर एक घोटही नाही, असं डॉक्टर सांगून गेले होते. म्हणून अंजना तिच्या नजरेआड, व्हरांड्यात जाऊन पाणी प्यायची आणि परत खाटेशेजारी बसून पुस्तक उघडायची. सोमवारी कॉलेजच्या पीयूसी परीक्षेचा प्राणिशास्त्राचा पेपर होता. बेळगावच्या दवाखान्यातला हा आठवा दिवस.

"काय गं पुटपुटालीस मघाधरनं?" खाटेवरून आईनं, बायडाबाईनं, विचारलं. तिचं तोंड सुजलं होतं आणि बोलली की श्वासाला मुताचा वास यायचा. तो का येतो हे अंजनाला त्याच पुस्तकातून कळलं होतं. कळल्यापासून तिला अन्न गोड लागत नव्हतं.

"अंगातलं विष कोण कसं भाईर टाकतंय, त्ये. मासा पाण्यातच सोडून देतोय, त्याला पाण्याची काय ददात? माणसाला पाण्यात इरघळवून मुतावाटं टाकाय लागतंय."

"आन् पाखरं?"

अंजनानं खिडकीकडं बोट केलं. गजांवर पारव्यांची शीट वाळली होती. "त्ये पांढरं दिसतंय न्हवं, त्येच. पाखराला लई थोडं पाणी पुरतंय."

बायडाबाई हसली. आठ दिवसांत पहिल्यांदाच. "म्हंजे आमी वखारीतल्या बाया पाखराच्या जातीच्या म्हण की."

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत तिची बावीस वर्षं गेली. मालाला तीन-तीन कुलपं होती, पण दीडशे बायांसाठी चार पत्र्यांचा आडोसा करावा असं कुणाला सुचलं नव्हतं. कामावरून लघवीला उठून गेलं की मुकादम पाठीमागून जे बोलायचा, ते घरी सांगण्यासारखं नसे. म्हणून बाया सकाळी कोरड्या तोंडानं जायच्या आणि दिवेलागणीला घरी येऊन तांब्या तोंडाला लावायच्या.

"पाखराला जमतंय, आई. माणसाला न्हाय जमत," अंजना बोलून गेली आणि तिला स्वतःच्याच शहाणपणाची चीड आली. दोन्ही मूत्रपिंडं गेलीत, रक्त धुवायचं यंत्र मुंबईला असतं, तेव्हा आता घरी न्या, असं डॉक्टरांनी सकाळीच तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

तिनं पुस्तक मिटलं.

"आई, मुकादमाचा निरोप आलाय. सोमवारी घरातलं कोण आलं न्हाय तर तुजी जागा दुसरीला देनार. घरात धाकटी दोगं हायत. मीच जातो."

"आन् पेपर?"

"फुडच्या साली बी देता येतोय."

ते खरं नाही हे दोघींनाही कळत होतं. बायडाबाईनं गजांवरच्या पांढऱ्या शिटेकडं पाहिलं. आई रागावेल, शिव्या देईल, मेले तरी तुला तिथं धाडणार नाही म्हणेल, असं अंजनाला वाटत होतं. वाटत कसलं, ती कानांत प्राण आणून त्याचीच वाट बघत होती.

बायडाबाईनं तिचा हात हातात घेतला.

"अंजे," ती हळूच म्हणाली, "सकाळी पाणी पिऊन जाऊ नगंस."

अंजनाच्या घशाला कोरड पडली होती. तांब्या बाहेर व्हरांड्यात होता. ती उठली नाही.