कोपराखालचं हाड

“पडल्यावर हाड मोडतं ते बहुतेक मनगटापाशी. असं मधोमध मोडलं, की समजायचं, कुणीतरी डोक्यात घालायला धावलं आणि ह्यानं हात आडवा घातला.”

संग्रहालयात सगळे तिला हाडवाली म्हणत. “कुत्री मागे लागतील गं,” असं अण्णा, तिचे वडील, चिडवायचे. टेबलावर लाखो वर्षांपूर्वीच्या माणसाच्या हाताचं हाड होतं, दगड झालेलं. बघायला आलेल्या विद्यार्थिनींना तिनं सांधल्याची गाठ दाखवली.

“पण हा जगला. म्हणजे मारणारं होतं, तसं सांभाळणारंही कुणीतरी होतंच.”

संध्याकाळी ती परस्पर भावाच्या घरी गेली. दादा नोकरीपायी परगावी. घरात अण्णा आणि वहिनी. वहिनीनं दार उघडलं, तेही अर्धंच.

“अण्णा झोपलेत. फोन करून यायचं ना, वन्सं.”

“बापाला भेटायला आता परवानगी काढू?” म्हणत ती आत शिरली.

अण्णांच्या खोलीला बाहेरून कडी होती. नवी कोरी. आणि अण्णा टक्क जागे. लेकीला पाहताच त्यांचे डोळे भरून आले.

“कोंडून ठेवते गं मला,” ते कुजबुजले. “जेवणाचं ताटसुद्धा लांबूनच सरकवते.”

वहिनीनं पाण्याचा पेला उंबऱ्यावरूनच पुढे केला, एका हातानं. आत मात्र आली नाही आणि तिथून हललीही नाही. दोघांना क्षणभर एकटं सोडेना. कुठेतरी पाणी मुरतंय, हे हाडवालीला कळून चुकलं.

अण्णांच्या अंगावर घालायला चादर काढावी म्हणून तिनं बाहेरच्या खोलीतलं कपाट उघडलं, तर घड्यांच्या मागे एक्स-रेचं पाकीट.

“ते राहू द्या!” वहिनी धावली.

तोवर तिनं फिल्म उजेडात धरली होती. कोपराखालचं हाड. मधोमध सांधल्याची जुनी गाठ आणि जरा वर दुसरी, कोवळी. कोपऱ्यातलं नाव खरवडून टाकलेलं.

“हे काय आहे, वहिनी?”

“घसरून पडल्याचं.”

“कुणाला शिकवताय? निम्मं आयुष्य हाडं वाचण्यात गेलंय माझं. नाव का खरवडलं?”

“ह्यांना कळू नये म्हणून.” वहिनीचा आवाज खोल गेला. “सहन नाही व्हायचं त्यांना.”

“दादाला मी सांगते काय ते. आणि अण्णा आजपासून माझ्याकडे राहतील.”

वहिनी भांडेल असं वाटलं होतं. पण तिनं नुसतं वर पाहिलं. “विचार करून न्या, वन्सं. तुम्ही घरात एकट्या असता.”

“धमकी देताय?”

वहिनीनं एका हातानं कपाट लावून घेतलं.

हाडवाली तणतणत खोलीत गेली आणि अण्णांपाशी बसली. त्यांची बाही वर सारून तिनं मनगटापासून कोपरापर्यंत हलकेच बोटं फिरवली. मग दुसरा हात. पुन्हा पहिला. दोन्ही हाडं सरळ, गुळगुळीत. कुठेही गाठ नाही.

“अण्णा, कुठल्या हाताला लागलं होतं?”

अण्णांनी मायेनं तिच्या केसांवरून हात फिरवला. लहानपणी तिला झोपवताना असायचा, तसाच त्यांचा आवाज होता.

“मला कुठे काय झालंय? हात तिचा मोडला. एकदा मोडून ऐकेना, म्हणून पुन्हा मोडावा लागला.”