चार गल्ल्यांवर समुद्र

मद्रासला तिरुवल्लिकेणीत कृष्णवेणीच्या घरापासून समुद्र चार गल्ल्यांवर होता. नवरा रोज संध्याकाळी तिथे वारा खाऊन येई. घरच्या बायकांनी मात्र फक्त ग्रहणाच्या स्नानाला जायचं, अशी रीत. नऊ वर्षांत ती तीनदाच गेली होती. लाटेबरोबर पायाखालची वाळू सरकते, ते तिला चुलीपुढे बसूनही आठवे.

पाडव्याला नवं पंचांग आलं. चार दिवसांनी सासूबाई परसात गेलेल्या पाहून तिनं ग्रहणांचं पान काढलं. त्या मागे येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा तिनं ते घाईनं मिटलं.

"एकादशी बघत होते, आत्याबाई."

सासूबाईंनी पंचांग घेऊन फळीवर ठेवलं.

"यंदा इथे एकही ग्रहण दिसायचं नाही," त्या म्हणाल्या. "पंचांग आलं त्याच दिवशी मी पाहिलं."