सहावी प्लेट

सासूबाई गेल्यावर त्यांच्या जुन्या प्लेटा विकायला काढल्या. नवऱ्याने व्यापाऱ्याला आधीच सांगून टाकलं, "पाचच आहेत हं. नवी नवरी असताना खोकं हिनेच उघडलं आणि सहावी फोडली. भाव पडेल ना?"

तिने सवयीने मान खाली घातली. सासूबाई तीस वर्षं आल्यागेल्याला ओळख करून देत, "ही आमची सून, सहावी फोडणारी."

व्यापाऱ्याने प्लेट उलटी करून शिक्का पाहिला. "साहेब, माल जपानी आहे. तिकडे सेट पाचाचाच करतात. सहावी कधी नव्हतीच."

सुटले एकदाची, असं तिला वाटतंय तोच नवरा उखडला, "मग तेव्हा आईची माफी कशाला मागितलीस? बिचारी मरेपर्यंत हळहळत राहिली तुझ्यामुळे!"