बाकावरच्या आजी

कुठल्या वस्तीत किती खोल्या कमी पडतात, याची पाहणी मी आणि माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मिळून केली. पण मीटिंगमध्ये साहेबांनी वाचून दाखवला तो बाईंनी भरलेला फॉर्म: "घरात जागा पुरत नाही, म्हणून आजी दुपारभर बागेतल्या बाकावर बसून असतात."

सगळे हळहळले. माझा मात्र जळफळाट झाला. मी दोन हजार घरांचे आकडे जुळवले, त्याचं कुणाला काही नाही! आणि यांनाच बऱ्या भेटतात अशा आजी! नक्कीच पदरचं घातलं असणार.

खोटं पकडायचंच म्हणून मी मूळ फॉर्म शोधून काढला.



पत्ता आमच्या घराचा होता, आणि खाली सासूबाईंचं म्हणणं लिहिलेलं होतं: "सुनेला कळू देऊ नका. तिला वाटतं, मला फिरायची हौस आहे."